आई म्हणाली, हे तर चेकबुकासारखं दिसतंय

दिंडोरीच्या बाजूला माझ्या मामेभावाचं छोटंसं पॅकहाऊस आहे. डिसेंबरात त्याचा फोन आला, ताई, यंदा बॉक्सवरचं लेबल बदलायचंय, तीच ती हिरवी पानं आणि चकाकणारा घड नको, काहीतरी एकदम मॉडर्न कर, स्पेसवालं. स्पेसवालं म्हणजे नक्की काय ते त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही, पण नात्यातलं काम, नाही कोण म्हणणार, पैसे उशिरा आले तरी द्राक्षं वेळेवर येतात.

तर त्या लेबलाला मी स्पेस मोनो नावाचा फॉन्ट लावला. नावातच स्पेस, म्हणजे भावाची निम्मी मागणी तिथेच पुरी झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोनोस्पेस म्हणजे असा फॉन्ट ज्यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. इंग्रजी आय कितीही किडकिडीत असो आणि एम कितीही ऐसपैस, दोघांना खोली एकाच मापाची. साध्या फॉन्टमध्ये आय चिंचोळ्या बोळात राहतो आणि एमला दोन बीएचके मिळतो, इथे तसं नाही, इथे म्हाडाची लॉटरी, सगळ्यांना तेवढाच चौरस फूट. आणि स्पेस मोनो हा त्यातला जरा नटवा प्रकार. लंडनच्या कोलोफॉन फाउंड्रीने (फाउंड्री म्हणजे फॉन्ट घडवणारी कंपनी) गुगल डिझाइनसाठी २०१६ मध्ये तो काढला, फुकट आहे, साधा आणि ठळक आणि दोघांचे तिरके असे चार प्रकार मिळतात. अक्षरं कंपास आणि पट्टी घेऊन काढल्यासारखी, गोल म्हणजे अगदी गोल, सरळ म्हणजे सरळ, आणि मधेच एखाद्या अक्षराला असा काही विचित्र पाय फुटतो की आपण थांबून बघतो.

लेबलावर मजकूर तरी काय असतो, द्राक्षाची जात, प्लॉटचा रजिस्ट्रेशन नंबर, लॉट नंबर, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन. म्हणजे नंबरावर नंबर. साध्या फॉन्टमध्ये हे पाच ओळीत लावायचं म्हणजे टॅब मारा, सरकवा, पुन्हा सरकवा, एक आकडा बदलला की सगळी ओळ हलते. (एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, बऱ्याच साध्या फॉन्टमध्येही आकडे सारख्या रुंदीचे देतात, हिशेबाच्या सोयीसाठी, पण नंबरात मधे अक्षरं घुसली की तो खेळ संपतो.) स्पेस मोनोमध्ये मात्र एकाखाली एक आपोआप बसत गेलं सगळं. आकड्याखाली आकडा, अक्षराखाली अक्षर. मला तर शाळेतली चौकटीची वही आठवली, पहिलीत बाईंनी प्रत्येक चौकोनात एकच आकडा लिहायला लावला होता आणि ज्याचा सात बाहेर गेला त्याला पुन्हा पान लिहायला लागायचं. तीच वही, फक्त रेघा पुसलेली.

रात्री प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. आम्ही नाशिकरोडला राहतो, जेलरोडच्या बाजूला. आईने चष्मा लावला, लेबल हातभर लांब धरलं आणि म्हणाली, "हे काय गं, चेकबुकासारखं दिसतंय."

मी चिडले. दोन दिवस बसून मी भविष्य डिझाइन केलेलं, अंतराळ, रोबोट, चंद्रावरचं गाव वगैरे डोक्यात ठेवून, आणि हिला दिसलं काय तर बँक. वर म्हणते, "नाहीतर मग एसटीच्या तिकिटासारखं."

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी कपाटातून खरंच चेकबुक काढलं आणि बघत बसले. आपण चेकवर सही बघतो, रक्कम बघतो, तळाच्या पांढऱ्या पट्टीकडे कोण बघतं. त्या पट्टीत एक आकड्यांची ओळ असते, जाडबारीक, ठोकळे जोडून केल्यासारखे आकडे, कुठे पोट सुजलेलं तर कुठे पाय जाड. त्या अक्षरवळणाचं नाव ई-१३बी. १९५० च्या दशकात अमेरिकेत चेक इतके वाढले की हाताने वर्गवारी करणं बँकांना झेपेना, तेव्हा स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या कामातून चुंबकीय शाईने छापलेले आकडे मशीनने वाचायची पद्धत आली. मशीन आकडा बघत नव्हतं, शाईतल्या चुंबकत्वाचा चढउतार ओळखत होतं. म्हणून प्रत्येक आकड्याचा आकार असा घडवला की त्याचा चढउतार दुसऱ्या कुठल्याच आकड्यासारखा येऊ नये. कुठे जाड आणि कुठे बारीक हे सुंदर दिसण्यासाठी नव्हतंच, मशीनला चुकायला जागा राहू नये म्हणून होतं. नावातला १३ म्हणजे इंचाचे तेरा हजारांश, त्या मापाच्या जाळीवर हे आकडे बेतले. एका इंचात बरोबर आठ, ना कमी ना जास्त. एकूण चिन्हं चौदा, दहा आकडे आणि चार खुणा, एबीसीडी नाहीच.

आता गंमत बघा. हे आकडे लोकांच्या हातात रोज यायला लागले आणि लोकांच्या डोक्यात बसलं की कॉम्प्युटरचं अक्षर हे असं दिसतं. मग साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला डिझायनर लोकांनी त्या आकड्यांना शोभतील अशी एबीसीडी स्वतःच्या मनाने काढली, वेस्टमिन्स्टर, डेटा ७० असे फॉन्ट आले, आणि तेच ठोकळे सिनेमाच्या पोस्टरवर, गाण्यांच्या रेकॉर्डच्या कव्हरवर भविष्य म्हणून झळकले. त्या अक्षरांचा बँकेशी संबंध उरला नाही, मशीनने वाचायचाही प्रश्न नाही, नुसतं वळण उरलं.

म्हणजे आईचं काहीच चुकलं नव्हतं. भविष्य म्हणून आपण जे बघतो त्यातला एक झरा सरळ चेकच्या तळातून येतो.

आता स्पेस मोनोचं घराणं तसं वेगळं आहे, ते करणाऱ्यांनीच सांगितलंय. त्याच्या रक्तात पन्नास-साठच्या दशकांतले मथळ्याचे फॉन्ट आहेत, मायक्रोग्रामा आणि युरोस्टाइल. मायक्रोग्रामा १९५२ चा, इटलीतल्या तुरिन शहरातल्या नेबिओलो कंपनीचा, अलेस्सांद्रो बुट्टी आणि आल्दो नोव्हारेसे यांनी केलेला. त्यात फक्त कॅपिटल होते. १९६२ मध्ये नोव्हारेसेने त्यालाच स्मॉल अक्षरं देऊन युरोस्टाइल काढला. त्यातला ओ बघितला की कळतं, तो ना गोल ना चौकोन, जुन्या टीव्हीचा पडदा असायचा ना, कोपरे गोल केलेला, बाजू किंचित फुगलेल्या, तसा. त्या काळात सगळंच तसं होतं, टीव्ही, फ्रीज, गाड्यांच्या खिडक्या. पुढे अंतराळाच्या सिनेमांनी ही अक्षरं उचलली आणि यानाच्या कंट्रोल पॅनेलवर लावली. म्हणून आपल्याला ती पुढची वाटतात. खरं तर ती आमच्या जुन्या डायनोरा टीव्हीच्या पिढीची. चेकवाले ठोकळे हे त्यांचं चुलत घराणं म्हणा, एकाच गावात वाढलेलं.

हे सगळं मी आईला सांगायला गेले तर ती कांदा चिरत होती. म्हणाली, "अगं पण सगळ्या अक्षरांना सारखी जागा हे आम्हाला नवीन आहे का? आमच्या मशीनला दुसरं येतच नव्हतं."

लग्नाआधी आई टायपिंग शिकली, आणि मग बरीच वर्षं सीबीएसजवळ, म्हणजे नाशिकच्या मुख्य बसस्टँडजवळ, एका वकिलांकडे टायपिस्ट होती, कोर्ट तिथून चार पावलांवर. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे, हे ती अजून झोपेत म्हणेल. टायपरायटरमध्ये की मारली की कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, दात्यांच्या पट्टीवर एक घर पुढे सरकते, बस. कुठली की मारली ते त्या दात्यांना कळत नाही. आय असो की एम, एकच घर. म्हणून टायपरायटरचे अक्षर घडवणारे आयला वर खाली आडव्या पट्ट्या लावून जाड करायचे आणि एमचे तीन पाय अंग चोरून उभे करायचे. पायका मशीनवर इंचाला दहा अक्षरं, एलीटवर बारा. कुरिअर हा फॉन्ट सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो आयबीएमच्या टायपरायटरसाठी हॉवर्ड केटलरने १९५० च्या दशकात केला, आजही बारा पॉइंटात लावला तर इंचाला बरोबर दहा अक्षरं बसतात, मशीन गेलं, माप राहिलं.

आणि या एकसारख्या घरांचा या टायपिस्ट बायकांनी केवढा उपयोग करून घेतला होता. टायपिंगच्या परीक्षेत लेटर, स्टेटमेंट आणि स्पीड असायचं, त्यातलं स्टेटमेंट म्हणजे तक्ता. आई सांगते, आधी सगळं मोजायचं. सगळ्यात लांब शब्द किती घरांचा, मधे किती घरं सोडायची, उरलेल्याचे दोन भाग, तिथे मार्जिन. हेडिंग मध्यावर आणायचं तर कॅरेज कागदाच्या मध्यावर न्यायची आणि हेडिंग मनातल्या मनात म्हणत दर दोन अक्षरांना एकदा बॅकस्पेस, थांबाल तिथून टाइप सुरू, हेडिंग बरोबर मधोमध. मी वीस वर्षं सेंटरचं बटण दाबतेय आणि मला हे माहीत नव्हतं. कित्येक मशीनवर एक हा आकडाच नसायचा म्हणे, स्मॉल एल मारायचा, कोण विचारतंय. आज कोडिंगच्या फॉन्टमध्ये एक आणि एल वेगळे ओळखू यावेत, शून्याच्या पोटात टिंब नाहीतर तिरकी रेघ असावी म्हणजे तो ओ वाटायला नको, याच्यावर लोक तासन्‌तास भांडतात.

कोडिंगवाले मोनोस्पेस का वापरतात याचं कारण पण तेच, घरात घर दिसलं पाहिजे. ओळ किती आत सरकलीय, कंस कुठे उघडला कुठे मिटला, हे नजरेने कळायला हवं. कॉम्प्युटरच्या जुन्या टर्मिनलवर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावर, एका ओळीत ऐंशी अक्षरं असायची, आणि ते ऐंशी आले आयबीएमच्या पंचकार्डावरून, म्हणजे भोकं पाडून माहिती ठेवायच्या कार्डावरून, ऐंशी रकान्यांचं कार्ड, साल १९२८. हे साल वाचलं आणि मी हसले, कारण आमच्या नाशिकरोडचा करन्सी नोट प्रेस पण १९२८ चाच. यातून काही सिद्ध होत नाही, पण नाशिकरोडच्या माणसाला प्रेसचा विषय काढायला निमित्त लागत नाही.

पप्पा प्रेसमधून रिटायर झाले. इथे प्रेस म्हटलं की पेपर छापणारी प्रेस कुणाच्या डोक्यात येत नाही, प्रेस म्हणजे नोटांचा नाहीतर स्टॅम्पचा. आत काय चालतं ते त्यांनी घरी कधी अक्षरानेही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही, तशी शिस्तच होती सगळ्या कॉलनीत. पण पासपोर्ट तर सगळ्यांच्याच हातात असतो, आणि त्याच्या कोऱ्या पुस्तिका इथल्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. आपला पासपोर्ट उघडा आणि फोटोच्या पानाच्या तळाशी बघा, दोन ओळी आहेत, प्रत्येकीत ४४ घरं, रिकाम्या घरात बाणाच्या टोकासारखी खूण भरलेली. ते अक्षर ओसीआर-बी, एड्रियन फ्रुटिगर या स्विस माणसाने १९६८ मध्ये केलेलं, मशीनला वाचता यावं आणि माणसालाही बघवावं म्हणून. त्याच वर्षी अमेरिकेत ओसीआर-ए आलं होतं, ते मशीनला आवडायचं पण माणसाला ते वाचताना त्रास व्हायचा. फ्रुटिगरने दोघांचं ऐकलं. मला विचाराल तर स्पेस मोनोपेक्षा हाच जास्त गुणी, पण गुणी मुलांना पोस्टरवर कोण घेतं.

त्या ४४ घरांतली पहिली पाच जातात पासपोर्टची खूण आणि देशाचा कोड यांत. उरतात ३९. त्यात आडनाव, दोन खुणांची फट, मग नाव आणि आपल्याकडच्या पद्धतीने बऱ्याचदा पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. मराठी माणसाचं तीन मजली नाव ३९ घरांत बसवायचं म्हणजे कधीकधी शेवटच्या मजल्याचा जिना कापावा लागतो. आमच्याकडे आत्याचं लग्नानंतरचं पूर्ण नाव मी घरं मोजून बसवून बघितलं, दोन घरं उरली, आत्या खूश.

याच्या बरोबर उलटी गोष्ट नोटेवर आहे. २०१५ पासून नोटेच्या नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, पहिली तीन चिन्हं तेवढी सारखी, मग पुढे फुगत जातात. खोटी नोट ओळखायला मदत म्हणून. म्हणजे पासपोर्टच्या तळाशी सगळे सारखे आणि नोटेवर प्रत्येक जण आधीच्यापेक्षा मोठा.

असो. लेबलाकडे येते, कारण खरी अडचण पुढेच होती.

भावाला लेबलावर एक मराठी ओळ हवी होती, गावाचं नाव आणि "नाशिकची द्राक्षं". बरोबरच आहे. आणि तिथे माझं सगळं भविष्य कोसळलं, कारण स्पेस मोनोत देवनागरी नाहीच. म्हटलं मराठीपण एकेका घरात बसवून बघू. कॉम्प्युटरच्या काळ्या टर्मिनलमध्ये "द्राक्ष" टाइप करून बघा कधी. कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्यात सात गोष्टी आहेत, द, हलंत, र, काना, क, हलंत, ष. बऱ्याच टर्मिनलना कळत नाही की यांना घरं किती द्यायची, मग कुठे पाय तुटतो, कुठे काना पुढच्या घरात जाऊन बसतो, शिरोरेघ तर आगगाडीचे डबे सुटावेत तशी सुटते. आपल्या लिपीत रुंदी म्हणजे काय हेच वेगळं आहे, र एवढासा, क्ष केवढा, आणि ज्ञ. शिवाय पहिली वेलांटी आधी दिसते पण उच्चारात नंतर येते. इंग्रजीत एमला अंग चोरायला सांगता येतं, क्षला सांगून बघा.

आईला विचारलं, मराठी मशीनवर तुम्ही काय करायचा? तर तिथे जुगाड होता. उकार, मात्रा, अनुस्वार या की मारल्या तरी कॅरेज हलायचीच नाही, ठोका त्याच घरात पडायचा. पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. ण, श असल्या अक्षरांचा अर्धा भाग वेगळा आणि काना वेगळा, दोन ठोक्यांत एक अक्षर. म्हणजे मशीन एका मापाचंच राहिलं, बोटं आणि डोकं शिकलं. दिसायला ते टाइप काही देखणं नव्हतं हे आईसुद्धा मान्य करते, जोडाक्षरं एकमेकांशी भांडल्यासारखी दिसायची. "पण अर्ज मंजूर व्हायचे," म्हणाली.

शेवटी मी मराठी ओळ 'एक टाइप' नावाच्या फाउंड्रीच्या 'मुक्त' या फॉन्टमध्ये लावली, साधा, मोकळा, आणि खाली स्पेस मोनोतले नंबर. दोघं शेजारी शेजारी ठेवले तर सुरुवातीला पाहुण्यांसारखे बसले होते, मग मी मराठी जरा मोठी केली, रेघेची जाडी जुळवली, बरं वाटलं.

वापराबद्दल माझं मत विचाराल तर स्पेस मोनो मथळ्याला, नंबराला, तिकिटाला, लेबलाला फार छान. परिच्छेद लावू नका. करणाऱ्यांनीही तो मथळे आणि सजावटीच्या अक्षरांसाठीच केला होता. सारखी जागा दिली की शब्दांचे आकार हरवतात, सगळे शब्द परेडला उभे असल्यासारखे, दहा ओळींनंतर डोळे दमतात. कॉलेज रोडला हल्ली कॅफेत मेन्यू याच जातीच्या अक्षरात असतात, कॉफीच्या नावाखाली बारीक राखाडी रंगात चार ओळींचं वर्णन, आणि वरती नाशिकचे अक्षांश रेखांश, २० उत्तर, ७३.८ पूर्व. अहो, मी इथेच आहे, तुमच्या खुर्चीवर, मला कशाला सांगताय. सँडविचमध्ये काय आहे ते वाचता येईल असं लिहा.

लेबल छापून आलं. भावाने पहिला पाच किलोचा बॉक्स घरी पाठवला, वर चिकटवलेलं लेबल थोडं तिरकं होतं, सगळी घरं सरळ आणि लेबल तिरकं. भावाला मात्र आवडलं, स्टेटसला लावलं त्याने.

सकाळी आई नेहमीसारखी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसली होती, हातात पेन्सिल, बाजूला त्या बॉक्समधली द्राक्षं. पाच घरांचं तीर्थक्षेत्र हवं होतं, शेवटचं अक्षर र. मी चहा घेऊन मागे उभी राहिले. तिने पहिल्या चौकोनात त्र्यं लिहिलं, आख्खं, त, र, य, अनुस्वार, सगळे एकाच घरात, मग ब, के, श्व, र. एकेका घरात एकेक अक्षर, कुणाचा पाय तुटला नाही, कुणी पुढच्या घरात सरकलं नाही. पहिल्या चौकोनात फक्त जागा पुरेना म्हणून अनुस्वाराचं टिंब वरच्या काळ्या चौकोनात गेलं होतं, दिसत पण नव्हतं.

"आई, टिंब बाहेर गेलं."

"जाऊ दे," ती म्हणाली, "वाचता येतंय ना? आडवा सात काय असेल बघ."